तांबड्या फडक्यातली पोथी

या आठवणीत मी कुणाचंच नाव घेणार नाही. नाव न घेण्याची सवय माझ्या वयाच्या बायकांना लहानपणीच लावली जायची, आणि माझ्या अंगात ती जरा जास्तच मुरली. त्या लेखकाचं नावही इथं येणार नाही. आता त्याला कुणी वाचत नाही. सांगितलं तर लोक म्हणतील, ‘ते जादूटोण्याचं होय? ते कुठं साहित्य?’ पूर्वी मीही हेच म्हणत असे, त्यामुळं हे ऐकलं की मला जास्तच राग येतो.

साताऱ्यात मी मुलींच्या शाळेत होते तेव्हा त्याच्या कादंबऱ्यांनी अख्ख्या वर्गाला वेड लावलं होतं. भूगोलाच्या पुस्तकाचं कव्हर घालून त्या बाकाखालून फिरायच्या. पाऊस विकणारे व्यापारी, एका रात्रीत उगवणारे डोंगर, बोलणाऱ्या विहिरी. मुली जेवायच्या सुट्टीत डबा सोडून पुढच्या भागाबद्दल भांडायच्या.

मी वर्गात सगळ्यांत मोठी होते. सासरी जाऊन परत आलेली. लग्नानंतर वर्षाच्या आतच नवरा विषमज्वरानं गेला आणि माझं सगळं आटोपलं. त्यांच्याशी माझं धड बोलणंही झालं नव्हतं. घर माणसांनी भरलेलं, आणि सासूबाईंसमोर बोलायची सोय नव्हती. ते भुईमुगाच्या शेंगा सोलायचे आणि दाणे माजघराच्या खिडकीत ठेवून निघून जायचे. ते माझ्यासाठी आहेत हे मला दोन-तीन दिवसांनी कळलं. त्यानंतर मी ते खाऊ लागले आणि टरफलं मुद्दाम तिथंच ठेवू लागले, म्हणजे त्यांना कळावं. आमचा संसार तो एवढाच.

ते गेल्यावर वडील मला माहेरी घेऊन आले. त्यांनी लोकांचं ऐकलं नाही, माझे केस राखले, मला पुन्हा शाळेत घातलं. पण घरात एक गोष्ट घडली. माझ्या नवऱ्याचं नाव कुणी काढेना. मला वाईट वाटेल म्हणून. माझ्या भावाच्या एका मित्राचं तेच नाव होतं, तर तो आला की सगळे त्याला आडनावानं हाक मारू लागले. मी तर ते नाव कधी घेतलंच नव्हतं. लग्नात उखाण्याची वेळ आली तेव्हा मी रडायला लागले होते, म्हणून मोठ्या बायकांनी सोडून दिलं. बघता बघता ते नाव आमच्या घरातून पुसलं गेलं.

अशात एका मैत्रिणीनं मला त्या लेखकाची एक कादंबरी दिली. ‘वाच, मन रमेल,’ म्हणाली. मी माडीवर बसून वाचायला घेतली. राजपुत्र मरतो. राजकन्या सात जंगलं ओलांडून एका भोपळ्यात पाणी घेऊन येते, त्याच्या ओठांवर शिंपडते, आणि तो उठून बसतो. वर विचारतो, ‘मी फार वेळ झोपलो होतो का?’ मी पुस्तक जिन्यावरून खाली फेकलं. भोपळ्यातलं पाणी! मी दुधाचा चमचा त्यांच्या ओठांना लावला होता आणि ते दूध उशीवर ओघळलं होतं. असलं खोटं लिहिताना या माणसाला लाज कशी वाटत नाही, असं मला झालं. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला. वाचनालयात त्याची पुस्तकं असलेल्या कपाटाकडं मी पाठ करून उभी राहायची.

पुढं मी मास्तरीण झाले. ट्रेनिंग संपल्यावर माझी नेमणूक माण तालुक्यात, दहिवडीच्याही पलीकडं, एका गावात झाली. लढाई चालू होती. गावातले निम्मे पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, काही पलटणीत. उरलेले पावसाळा संपला की मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठाकडं उतरायचे, ते पुढच्या पावसाळ्याला परत यायचे. उघडा माळ, त्यावर वारा, आणि शाळा सुटली की बोलायला कुणी नाही. संध्याकाळी मी एकटीच भाकरी थापायची. अर्धी खायची, अर्धी सकाळसाठी झाकून ठेवायची. एकटेपणाचं मला कौतुक नाही. पुस्तकातली माणसं एकांतात थोर होतात म्हणे, मी चिडखोर झाले.

माझी खोली एका धनगर म्हातारीच्या घरात होती. तीही माझ्यासारखीच, कपाळ मोकळं. थोरला मुलगा आणि सून जवळ होते, धाकटा पलटणीत जाऊन ब्रह्मदेशाकडं लढत होता. त्याची बरेच दिवस काही खबर नव्हती. मी राहायला आले त्या दिवशी तिनं देवापुढचा भंडारा चिमटीत घेतला आणि काही न विचारता माझ्या कपाळाला लावला. हळद-कुंकवाचा कुणाला अधिकार आणि कुणाला नाही, असल्या भानगडी तिच्या भंडाऱ्यात नव्हत्या. साताऱ्यात माझ्या कपाळाला कुणाचं बोट लागून वर्षं झाली होती. मी तोंड फिरवून सामान लावत बसले.

श्रावण लागला तशी म्हातारी माझ्या दारात येऊन उभी राहिली.

“बाई, औंदा पोथी तुमीच वाचा.”

“कसली पोथी, मावशी?”

“आमची हाय की. मागं एक मास्तर हुता तुमच्या खोलीत. त्यो बदलून गेला आन् पोथी इसरून गेला. आमाला वाचाय येत न्हाई, पर मी रोज पुजती.”

तिनं मला देवळीपाशी नेलं. तांबड्या फडक्यात बांधलेली पोथी, वर वाळलेलं फूल. भंडारा पडून पडून फडकं पिवळं झालेलं. मी हात धुतले, पदर सावरला, गाठ सोडली. आत त्या लेखकाच्या कादंबरीचे दोन भाग होते. पहिला आणि दुसरा.

मला हसू आलं, आणि लगेच संतापही आला. हा माणूस इथंही माझ्या आधी येऊन देवळीत बसला होता! मी म्हटलं, “मावशी, ही पोथी नाही. ही गोष्ट आहे. कुणीतरी मनानं रचलेली.”

“मंग पोथी दुसरी कसली आसती?” ती म्हणाली. “कुनीतरी रचलेलीच की.”

“यात देव नाही, मावशी.”

“आसंल कुटंतरी. तुमी वाचा तर.” मग ती जरा जवळ सरकली. “माजं धाकटं सुकरूप येऊ दे म्हणून मी बोलली हाय. पोथी सुरवातीपासनं समाप्तीपत्तुर ऐकीन म्हणून. त्या मास्तराला म्हनायचं ऱ्हाऊन गेलं. आता तुमी आलायसा.”

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आधी, उजेड आहे तोवर, ओट्यावर घोंगडं अंथरून मी वाचायला बसले. रॉकेल मिळत नव्हतं, त्यामुळं सगळा कारभार उजेडातच उरकायचा. म्हातारी, तिची सून, आणि आळीतल्या सात-आठ बायका. बहुतेकींचे नवरे मुंबईला. पहिली ओवी ऐकावी तशा त्या हात जोडून बसल्या. मी तोंड कडू करून पहिलं वाक्य वाचलं.

कादंबरीत एक तळं होतं आणि तळ्याखाली नगर. वर्षातून एकदा तळ्यातून डफ वाजायचा, आणि ज्याला तो ऐकू येई तो पुरुष हातातलं काम टाकून पाण्यात चालत जायचा. एका साळ्याच्या मुलीचा नवरा लग्नाच्या हळदीतच असा चालत गेला. ती त्याला शोधायला निघते. तळ्याच्या काठावर पोचते तर तिथं आधीच बायका बसलेल्या. कुणी दळतेय, कुणी गोधडी शिवतेय. प्रत्येकीचा कुणीतरी पाण्याखाली. त्या मुलीला जागा करून देत एक बाई म्हणते, ‘बैस. इथं चूल मांडायला दगड चांगले मिळतात.’

हे वाक्य वाचून मी थांबले. असं लिहायला माणसाला काय माहीत असावं लागतं, ते मला ठाऊक होतं. ते गेल्यावर पहिल्या दिवशी सगळे रडतात. पुढं केव्हातरी तुम्ही चुलीचे दगड बघू लागता.

“वाचा की, बाई,” सून म्हणाली.

मी वाचलं. त्या संध्याकाळीही, आणि रोज. शाळेत मुलं पाढे म्हणत असताना माझं लक्ष तळ्याकडं. चोरून पुढचं वाचायचा मोह व्हायचा, पण पोथीतलं पुढचं आधी वाचून ठेवू नये असं म्हातारीनं बजावलं होतं, आणि मी ते पाळलं. साताऱ्याच्या मुली डबा का विसरायच्या ते मला आत्ता, त्या माळावर, पोक्त वयात कळत होतं. ज्याच्याकडं मी इतकी वर्षं पाठ फिरवली, त्याच्याइतकं माझ्याशी तोवर कुणी बोललं नव्हतं.

दुसऱ्या भागात एक बहिरा जादूगार भेटतो. तो सांगतो की पाण्याखालची माणसं सगळं विसरतात, फक्त आपलं नाव विसरत नाहीत. काठावरून आपल्या माणसानं नावानं तीनदा हाक मारली की ती वर येतात. मग ती साळ्याची पोर विचारते, ‘एवढ्या बायका एवढी वर्षं बसल्या आहेत, कुणीच कशी हाक मारली नाही?’ आणि जादूगार म्हणतो, ‘बाई नवऱ्याचं नाव घेते का कधी?’

ओट्यावर एकच हशा पिकला. बायका तोंडाला पदर लावून एकमेकींवर पडल्या.

“आता गं बया! मंग बसा बोंबलत!”

“आगं, तिला म्हनावं, धोंडूच्या बा म्हनून हाक मार.”

“पोरगं कुटलंय तिला? हळदीत गेला की त्यो.”

म्हातारी तेवढी हसली नाही. “तितं कुनाची आय न्हवती व्हय?” तिनं विचारलं. पुस्तकात लिहिलं होतं की आया म्हाताऱ्या, तिथवर चालू शकत नाहीत. ते मी सांगितलं. “मला कुनी वाट दावली आसती तर मी गेली आसती,” ती म्हणाली. “मी तर रोज घेती माज्या लेकाचं नाव. दिवा लावताना. त्याला ऐकू जात आसंल नसंल.”

साळ्याची पोर पाण्याच्या कडेला उभी राहते, तोंड उघडते, आणि दुसरा भाग संपतो.

तिसरा भाग नव्हता. बायका माझ्याकडं पाहत राहिल्या, जणू मीच तो लपवला होता. म्हातारीचा चेहरा उतरला. समाप्ती न झालेली पोथी म्हणजे अर्धा बोललेला नवस. तिनं मला एवढंच विचारलं, “बाई, माज्या लेकाचं आता काय वं?”

मी रजा टाकली आणि सांगलीला निघाले. तिथं माझा भाऊ राहत होता आणि तिथलं वाचनालय मोठं होतं. कपाटापाशी बसणाऱ्या गृहस्थांनी मोकळ्या कपाळाच्या बाईला ते पुस्तक मागताना ऐकून चष्मा वर केला, पण शोधून दिलं. घरी भाऊ चेष्टेनं म्हणाला, “तू? आणि याचं पुस्तक? सूर्य कुठं उगवला आज?” मीही हसले. त्याच्या घरी माणसं भरपूर, जेवण चांगलं, सगळे मला जपत होते, आणि तिथं मला माळापेक्षाही एकटं वाटलं.

परतताना कऱ्हाडहून निघालेली मोटार उंब्रजला अडली. लढाईतल्या त्या कोळशावर चालणाऱ्या मोटारी! ड्रायव्हर मागची भट्टी ढोसत होता आणि उतारू त्याला शिव्या देत होते. बाजाराचा दिवस होता. मी एका झाडाखाली, कांद्याच्या पोत्यांशेजारी बसले आणि म्हातारीची अट मोडून पुस्तक उघडलं. काय वाढून ठेवलंय ते मला आधी बघायचं होतं. शेवट वाईट असला तर तिच्यापुढं तो वाचायचा कसा?

दोन्ही भागांत त्या नवऱ्याचं नाव लेखकानं कुठंच दिलं नव्हतं. तो ‘हळदीचा मुलगा’ होता फक्त. आता ती हाक मारते तेव्हा ते पहिल्यांदा येतं. माझ्या नवऱ्याचं नाव होतं ते. त्यात नवल काही नाही, नाव साधंच, चार घरांत सापडणारं. पण लग्नपत्रिकेनंतर ते मी छापलेलं पाहिलं नव्हतं.

मी बोटानं ते झाकलं. मग बोट काढलं. मग पुढं वाचलं.

तिची हाक ऐकून काठावरच्या बाकीच्या बायकांनाही धीर येतो. त्या हाका मारू लागतात आणि तळ्यातून एकामागून एक माणसं वर येतात, केस निथळत, भूक लागली म्हणत. तिचा मात्र येत नाही. तो पाण्यात कमरेइतका वर येतो, वळतो, तिला ओळखतो, आणि परत खाली जातो. का, ते लेखकानं सांगितलेलं नाही. ती मुलगी थोडा वेळ थांबते आणि मग घरी जायला निघते. एवढाच शेवट.

मी कांद्याच्या पोत्यांशेजारी बसून रडले. बाजारातली माणसं बघत होती, बघू देत. ज्याला मी खोटारडा ठरवलं होतं त्यानं मला फसवलं नव्हतं. मला फसवलं होतं जपणाऱ्यांनी.

पण आता प्रश्न म्हातारीचा होता. तिच्यापुढं ‘आला नाही’ असं कसं वाचायचं? आणि ते नाव, तेही आळीतल्या बायकांपुढं, तीनदा? मोटार सुरू झाली तोवर मी ठरवलं की शेवट बदलायचा आणि नावही बदलायचं. दुसरं एक नाव योजूनही ठेवलं. ऐकणाऱ्यांपैकी वाचता येत होतं कुणाला?

समाप्तीला म्हातारीनं ओटा सारवला, नारळ मांडला. पोथीच्या तिन्ही भागांवर सुनेनं हळद-कुंकू वाहिलं. नेहमीपेक्षा जास्त बायका आल्या होत्या. मी वाचत वाचत तळ्याच्या काठापर्यंत आले. साळ्याच्या पोरीनं तोंड उघडलं. मी योजलेलं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना.

बायका थांबल्या. असं अडणं त्यांच्या ओळखीचं होतं. बाई कुठल्या शब्दाशी अडते ते दुसऱ्या बाईला सांगावं लागत नाही.

“तुमच्या मालकांचं हाय?” म्हातारीनं हळू विचारलं.

मी मान हलवली.

“मंग नीट घ्या,” ती म्हणाली. “आडकू नगा. त्या पोरीला लांब हाक मारायचीया.”

मी घेतलं. पहिल्यांदा घशातच राहिलं. दुसऱ्यांदा बरं आलं. तिसऱ्यांदा इतकं मोठ्यानं की बांधावरचं कुत्रं भुंकायला लागलं. आपल्या तोंडून ते कसं वाजतं ते मला माहीतच नव्हतं. त्यानंतर शेवट बदलायचं माझ्या मनातही आलं नाही, लिहिलं होतं तसंच वाचलं. तो वळला, ओळखलं, गेला.

म्हातारी पुस्तकाकडं बघत होती.

“बाकीची समदी आली?”

“आली.”

“समदी?”

“सगळी, मावशी.”

“मंग माजं बी आलं,” ती म्हणाली आणि तिनं डोळे पुसले. मग तिचं माझ्याकडं लक्ष गेलं. उठली, आणि भंडारा घेऊन माझ्या कपाळाला लावला. बायका नारळाचे तुकडे आणि गूळ घेऊन आपापल्या घरी गेल्या. मी भाकरी थापली, अर्धी झाकून ठेवली.

त्यानंतरच्या संध्याकाळी वाईट गेल्या. ओटा रिकामा. मी सुट्टीत साताऱ्याला जाऊन त्याची मिळतील ती पुस्तकं आणू लागले. जिन्यावरून फेकलेलं तेही आणलं. राजपुत्र उठून बसतो त्याच्या पुढच्याच पानावर लिहिलंय की भोपळ्यातलं पाणी एका संध्याकाळपुरतंच असतं. ती दोघं ओसरीवर बसून बोलतात आणि दिवस मावळल्यावर तो पुन्हा आडवा होतो. मी ते पान उलटलं असतं तर? लेखकाला कळवावं असं फार वाटलं. चौकशी केली तेव्हा समजलं, तो केव्हाच वारला होता.

लढाई संपली आणि म्हातारीचा धाकटा परत आला. एक पाय किंचित ओढत होता, बाकी धड होता. सगळं गाव लोटलं. म्हातारीनं त्याला आधी देवळीतल्या तांबड्या फडक्यापुढं डोकं टेकायला लावलं, मग माझ्यासमोर आणलं.

“पड पाया. बाईंनी नाव घेतलं म्हणून तू आलास.”

तो वाकला. मी कसाबसा आशीर्वाद दिला.

“कुनाचं नाव वं?” त्यानं विचारलं.

म्हातारीनं सरळ सांगून टाकलं, माझ्या नवऱ्याचं नाव, स्वच्छ, एखाद्या शेजाऱ्याचं सांगावं तसं. मी तिच्याकडं बघतच राहिले. तिनं ते फक्त त्या समाप्तीला ऐकलं होतं.

“पाठ झालंय आत्याला,” सून दिराला म्हणाली. “रोज दिवा लावताना दोन नावं घेत्यात. आदी तुमचं, मंग त्येंचं.”